घरचे पेशंट

दात मी बघताक्षणी ओळखला. कागदी रुमालाची चुरगळलेली घडी काउंटरवर उलगडली आणि तिच्यात तो पडला होता, वरचा, समोरचा, उजवीकडचा. आपलं मूल गर्दीत पाठमोरं दिसलं तरी ओळखू येतं म्हणतात, तसा. मला मूल नाही, तेव्हा ही उपमा ऐकीव आहे; पण दातांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. "काल जेवताना निघाली ही कॅप," त्या बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, ऑफिसच्या मधल्या सुट्टीत धावत आलेल्या, बोलताना तोंडापुढे तळहात धरलेला. "तेवढी चिकटवून द्या. आणि डॉक्टर, त्या वेळची पावती राहिली होती माझी, तीही द्या. आमच्या ऑफिसातून पैसे परत मिळतात म्हणे, मला माहीतच नव्हतं." दादा आतल्या दारात हातमोजे काढत उभा होता. पावती म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं, बहिणीलाच दिसेल एवढं. मग तो हसला. दादाचं हसू फार लाघवी आहे, निम्मे पेशंट त्या हसण्यावर येतात. "मॅडम, तुमची काहीतरी गल्लत होतेय," तो म्हणाला. "तुम्ही आमच्याकडे आलाच नव्हता. नोंदच नाही तुमची. काय हो मावशी?" काउंटरवरच्या मावशींनी संगणकात पाहिल्यासारखं केलं आणि मान हलवली. त्या बाई उघड्या दारातून आतल्या भिंतीकडे बघायला लागल्या. "अहो, हेच जहाजाचं चित्र होतं. मी खुर्चीत पडल्या पडल्या त्याची शिडं मोजत होते." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी हातात ट्रे घेऊन लॅबच्या दारात उभी होते. "तुम्हीच ना हो? तुम्हीच माझ्या ओठांशी त्या दातांच्या पट्ट्या धरून रंग जुळवला होता. तुम्हाला तरी आठवतंय का?"

माझी दातखीळ बसली. दातांच्या दवाखान्यात ही गोष्ट विनोदाची व्हायला हवी होती, पण तिथे कुणीच हसलं नाही. त्या बाईंनी क्षणभर वाट पाहिली, रुमालाची घडी पुन्हा घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "बरं. माझंच चुकलं असेल." जाताना त्यांनी दार अगदी हळू लावून घेतलं. ओरडल्या असत्या, दार आपटून गेल्या असत्या, चार लोकांत आमची अब्रू काढली असती तर मी संध्याकाळपर्यंत विसरलेही असते. खोटं बोलला दादा, गप्प राहिले मी, आणि चूक कबूल केली त्यांनी. मी लॅबमध्ये येऊन बसले, दात भाजायची भट्टी चालू केली, ब्रश भिजवला. ब्रश पाण्यात तसाच राहिला.

तो दात करायला मला बराच वेळ लागला होता. पांढरा दात करणं सोपं, कोणीही करील. तो तोंडात बसला की बल्बासारखा पेटतो. खोट्या दातात थोडी खोट घालावी लागते, तेव्हा तो खरा वाटतो. त्या बाईंच्या शेजारच्या दातावर एक दुधी ठिपका होता, लहानपणीच्या कुठल्यातरी तापाची खूण. मी तसाच एक फिकट ठिपका या दातावर काढला, मुद्दाम जरा खाली, कारण जुळ्या बहिणीसुद्धा अगदी सारख्या नसतात. कडेला चहाची किंचित छटा. मधोमध एक केसासारखी रेघ, जी आरशात दिसत नाही, पण नसली तर दात मेलेला दिसतो. दादाने तो बसवला तेव्हा त्या बाईंनी आरसा घेतला, हसून पाहिलं, आणि त्यांना कुठला दात नवा ते सापडेना. मी दारामागून बघत होते. आमच्या कामात कौतुक असंच मिळतं: कुणाला काही दिसू नये. ते मला चालत होतं. पण कुणाला दिसू नये आणि ते झालंच नव्हतं, या दोन गोष्टी एक नाहीत. हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं, आणि सुचलं ते बाई गेल्यावर.

आमच्याकडे 'घरचे' असा एक शब्द आहे. म्हणजे तो सगळीकडेच आहे, पण आमच्या दवाखान्यात त्याला वेगळा अर्थ आहे. पेशंट आला की मावशी त्याच्याशी दोन वाक्यं बोलतात, अंदाज घेतात, आणि आत आवाज देतात, "डॉक्टर, घरचे आहेत." याचा अर्थ रोख, पावती नाही, संगणकात नाव नाही, आणि करवाल्यांच्या दृष्टीने या माणसाच्या तोंडात आम्ही कधी डोकावलोच नाही. पेशंट मात्र खूश होतो. डॉक्टरांनी आपल्याला घरचं मानलं, थोडं कमीही केलं! सुरुवातीला खरोखरच नात्यातले, ओळखीचे असायचे, त्यांचे पैसे कुठे लिहायचे म्हणून दादाने हा शब्द काढला. मग हळूहळू दादाचं घर वाढत गेलं. आता बँकेतले, शाळेतले, रस्त्यापलीकडच्या कारखान्यातले, निम्मं गाव आमच्या घरचं आहे. माझ्याकडे दातांचं माप येतं त्या पुडीवरही मावशींच्या अक्षरात तेवढंच असतं, 'घरचं', आणि त्या कामाचा प्लास्टरचा साचा महिनाअखेर मोडून टाकायचा असा नियम आहे.

मीही घरचीच. दादा मला हे इतक्या प्रेमाने म्हणतो की त्यात बोट ठेवायला जागा नाही. आमचे वडील कवळ्या करायचे. दोन खोल्यांपैकी एकीत प्लास्टरची धूळ आणि दुसरीत आम्ही. दादा डॉक्टर व्हायला गेला तेव्हा त्यांच्या हाताखाली कुणीतरी लागत होतं आणि मी होते. ते गेल्यावर दादाने दवाखाना काढला, मागची खोली मला दिली, घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली दिली, आणि पहिल्या तारखेला वहिनी हातखर्चाचं पाकीट देतात. "पगार काय देऊ तुला?" दादा म्हणाला होता. "नोकर आहेस का तू?" तेव्हा मला भरून आलं होतं, खरंच सांगते. आजारपणात त्याने माझ्या उशाशी बसून रात्री काढल्यात. माझं लग्न ठरेना तेव्हा लोकांची तोंडं त्यानेच बंद केली. गरीब माणसाचा दात तो फुकट काढतो, अजूनही. माझा दादावर दात नाही. हे वाक्य मी त्या दुपारी स्वतःशी म्हटलं आणि माझं मलाच हसू आलं. मग रडू आलं.

लॅबच्या मागच्या जिन्यात उभं राहून मी कर खात्याच्या त्या नंबरावर फोन लावला तो दुसऱ्या दिवशी. नंबर बसथांब्यावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, खाली लिहिलंय, नाव सांगायची गरज नाही. ते वाचताना मला वाटत असे, कोण करत असेल असले फोन? हेवेखोर शेजारी, सोडलेल्या बायका. एका तरुण माणसाने फोन उचलला, फार अदबीने बोलला. एका दवाखान्यात पावत्या देत नाहीत एवढंच मी सांगितलं, दवाखान्याचं नाव अजून सांगितलं नव्हतं. "तुम्हाला ही माहिती कशी मिळाली, सांगता येईल का?" मी म्हटलं, "मी शेजारी राहते." म्हणजे पहिल्याच उत्तराला मी दवाखान्यातून बाहेर पडले. "तिथे आणखी कोणाला याची कल्पना आहे?" त्याने विचारलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे मावशी उभ्या राहिल्या. मी फोन बंद केला. कारण मला आठवला तो आमचा जुना कंपाउंडर. एकदा करवाल्यांचं साधं चौकशीपत्र आलं होतं, नेहमीचं, सगळ्यांना येतं तसं. दादाला वाटलं, आतून कुणीतरी बोललं. त्याने कंपाउंडरला सगळ्यांसमोर विचारलं. तो मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला तयार होता. मूल बरोबर नव्हतं म्हणून हवेतच हात धरून उभा राहिला होता. दादाने त्याला त्याच दिवशी काढलं. या वेळी चौकशी आली की दादा त्याच दारात उभा राहील आणि नजर कुणावर जाईल? माझ्यावर तर जायची नाही, मी घरची. मावशींचा संसार त्या एका खुर्चीवर चाललाय. निनावी म्हणजे कुणाचंच नाव नाही असं नव्हे. निनावी म्हणजे त्यांचं नाव. तेव्हा एक ठरलं. सांगायचं तर माझ्या नावाने, नाहीतर सांगायचंच नाही.

आणि सांगायचंच कशाला? मी पुढचे काही दिवस काम करता करता स्वतःची उलटतपासणी घेत राहिले. सरकारच्या तिजोरीचा मला एवढा कळवळा कधीपासून? दादा म्हणतो, "कर भरून मिळतं काय? आपल्या गल्लीतला दिवा तरी लागलाय का?" दिवा खरंच लागलेला नाही. वरची खोली, खालचं जेवण, वहिनींनी न मागता आणलेला स्वेटर, हे सगळं याच पैशातून आलं आणि मी ते घेतलं. मग आता एका बाईने तोंडावर हात धरला म्हणून मला एकदम धर्म आठवावा? खरी गोष्ट अशी की मला राग कराचा नव्हताच. राग त्या "नोंदच नाही" चा होता. पण एकदा त्या वाक्याच्या मागे गेलं की ते करापाशीच जाऊन थांबत होतं. कर चुकवायचा नसता तर ते बोलायची दादाला गरजच पडली नसती. समोरच्या माणसाला तू इथे नव्हतीस म्हणून सांगायचं, आणि तेही हसून! दुसऱ्याचा दात करताना माझा हात थांबायला लागला. हा बसेल, आणि मग एके दिवशी हाही नव्हता म्हणून सांगितलं जाईल.

शनिवारी संध्याकाळी दवाखाना बंद करून मावशी गेल्या तेव्हा मी दादाला म्हटलं, "दादा, तो दात माझा होता."

तो हात धूत होता. "माहीत आहे मला. तुझं काम ओळखत नाही का मी?"

"मग तिला तसं का सांगितलंस?"

"अगं, पावती मागत होती ती. जुन्या तारखेची पावती म्हणजे किती भानगड होते तुला कळत नाही. उद्या तिच्या ऑफिसातून कागद कुठे जाईल, कुणाकडे जाईल..." त्याने टॉवेलला हात पुसले. "दुसरीकडे कुठेतरी चिकटवून घेईल ती. दोन मिनिटांचं काम. तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस?"

"ती म्हणाली, माझंच चुकलं असेल."

"बघ. तिचंही काही म्हणणं नाही."

मी म्हटलं, "तू आपण होऊन जा करवाल्यांकडे. सांग सगळं. आपण होऊन सांगितलं की सवलत असते म्हणतात. तू गेला नाहीस तर मंगळवारी मी जाणार आहे. माझ्या नावाने." हे मी खरखरीत, पाठ केल्यासारखं बोलले, पाठ केलंच होतं. दादा आधी हसला. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याला कळलं की मी थट्टा करत नाहीये. "तू?" तो म्हणाला. रागाने नाही, खरोखर नवल वाटून. "तू कोण म्हणून जाणार? इथे तुझं नाव कशावर आहे का? कशावरच नाही. तुला विचारतील, बाई, तुम्ही कोण?" मग त्याला स्वतःचंच वाक्य लागलं असावं. तो जवळ आला, माझ्या खांद्यावरची प्लास्टरची धूळ झटकली. "दमलीयेस तू. चल घरी." त्या रात्री जेवताना वहिनी म्हणाल्या, "वन्सं, आमचं काही चुकलं का?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, भीती होती. मी मान हलवली आणि भात परत वाढून घेतला, भूक नसताना.

रविवारी दुपारी दादा माझ्या खोलीत आला. हातात रिकामं पोतं होतं. साचे मोडायचा नियम मी कधी पाळला नव्हता हे त्याला कसं कळलं कोण जाणे. कदाचित पहिल्यापासूनच ठाऊक असेल. पेशंट जिवंत आहे तोवर त्याचा साचा मोडायचा नाही, असं वडील सांगायचे, आणि मी ते खोक्यांत घालून खाटेखाली, कपाटावर, खिडकीखाली रचत आले होते. दादा फरशीवर बसला, लहानपणी बसायचा तसा, मांडी घालून. पहिलं खोकं ओढलं. एक जबडा हातात घेतला, उजेडात धरला. "हे तर आपले गणिताचे सर! हा बघ सुळा, असा बाहेर. याच सुळ्याला घाबरायचो आपण." मी हसले. दुसरा काढला. "ही ती गाणारी. फट बुजवू नका म्हणाली होती, आवाज जाईल माझा." आम्ही एकेक तोंड हातात घेत गेलो, आणि दुपार अशी काही छान गेली की कुणी दारातून बघतं तर म्हणतं, भाऊ-बहीण जुने फोटो बघतायत. जो बघून झाला तो पोत्यात. पोत्यात पडताना प्लास्टरचा कोरडा आवाज व्हायचा, आणि दर आवाजाला आम्ही दोघंही क्षणभर बोलायचं थांबायचो. मग त्या बाईंचा साचा त्याच्या हातात आला. त्याने तो उलटासुलटा पाहिला. त्याने ओळखला हे मला कळलं, मला कळलं हे त्याला कळलं. त्याने तो पोत्यात टाकला नाही, हात आत घालून अलगद खाली ठेवला. त्यामुळे जास्त लागलं.

पोतं जड झालं. एकट्याला जिन्यावरून उतरवेना. मी दुसरं टोक धरलं. हे मी का केलं याचा मी खूप विचार केला, आणि मला एवढंच सापडतं की त्याची पाठ दुखते. अंगणात त्याने पोत्यावर हातोडा चालवला आणि मी पाणी आणून धूळ बसवली. संपल्यावर तो घामाघूम होऊन पायरीवर बसला. "संपलं ना आता?" त्याने विचारलं. मी रिकामी बादली उचलली, आणि त्याने ते हो धरलं. बहुतेक मीसुद्धा धरलं. रात्री रिकाम्या खोलीत मला शांत झोप लागली, याची मला अजून लाज वाटते.

मंगळवारी सकाळी मावशींनी आवाज दिला, "डॉक्टर, घरचे आहेत." थोड्या वेळाने माप माझ्याकडे आलं. कुणीतरी म्हातारा असावा, खालच्या दाढा झिजून सपाट झालेल्या, एका बाजूने जास्त. म्हणजे बरीच वर्षं हा माणूस एकाच बाजूने चावत होता, दुसरीकडे काहीतरी ठणकत असणार आणि त्याने कुणाला सांगितलं नसणार. मी प्लास्टर कालवलं. ते हातात घट्ट होत गेलं आणि मी ते ओतलं नाही. वाडग्यात त्याचा दगड झाला. मी एप्रन काढला, हात धुतले, मावशींना म्हटलं, "मी जरा बाहेर जाऊन येते." आतून दादाच्या मशीनचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत मी काउंटरशी उभी राहिले. मशीन थांबलं. त्याने पेशंटला विचारलं, "दुखलं का?" मऊ आवाजात, जसं तो सगळ्यांना विचारतो. मग मी निघाले.

कर खात्याचं ऑफिस आमच्या रस्त्यावरच आहे, टोकाला, बँकेच्या वर. एवढ्या वर्षांत मी तो जिना चढले नव्हते. तिथला अधिकारी माझ्यापेक्षा लहान होता, टेबलावर थंड झालेला चहा, डाव्या बाजूच्या दाताला सोन्याची कड. काम चांगलं नव्हतं. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. "पुरावा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "होता. मोडला." "कुणी?" "आम्ही." त्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं, वेडी आहे का शहाणी हे ठरवत असल्यासारखं. मी म्हटलं, "तोंडं आहेत ना. माझे दात ज्यांच्या तोंडात आहेत ती माणसं आहेत, ती इथेच फिरतात. मला दाखवा, मी ओळखेन. एकही चुकणार नाही." त्याने नकळत ओठ मिटून घेतले.

मग तो म्हणाला, "हे बघा ताई, मी तुमच्या भल्यासाठी सांगतो. इथे तक्रारदाराचं नातं लिहायचंय. बहीण लिहितो. बहीण म्हणून तुम्हाला माहिती मिळाली, तुम्ही दिली, तुमच्यावर काही येत नाही. पण तिथे कामाला होतात असं लिहिलं, की मग तुम्हाला काय मिळत होतं, राहणं, जेवण, ती पाकिटं, ते तुम्ही कधी दाखवलंत का, असे सगळे प्रश्न तुम्हालाही येतील. वर पुरावा मोडायला हात लावलात तो वेगळाच. त्यांच्याबरोबर तुम्हालाही नोटीस जाईल. तेव्हा बहीणच लिहू ना?"

किती साधं होतं. खोटंही नव्हतं. मी त्याची बहीण होतेच, आहे, हे ऑफिस उद्या जळून गेलं तरी राहीन. मी त्या रकान्याकडे बघत राहिले. मला दादाचा अंगणातल्या पायरीवरचा घामेजलेला चेहरा दिसला. तो माझ्याशी पुन्हा बोलेल का? वहिनी पुढच्या पहिल्या तारखेला जिना चढून वर येतील का? रडू आवरेना तेव्हा अधिकाऱ्याने तो थंड चहाच माझ्याकडे सरकवला, बिचारा.

"बहीण आहेच," मी म्हटलं. "पण तिथे कामाला लिहा. दात करते मी."

त्याने लिहिलं. मग विचारलं, "पत्ता?"

मी पत्ता सांगितला. त्याने वरच्या ओळीकडे पाहिलं, परत माझ्याकडे. "हा तर डॉक्टरांच्या घरचा. नोटीस कुठे पाठवू तुमची?"

"तिथेच," मी म्हटलं. "मी तिथेच राहते."

"दोन्ही एकाच दारात येतील."

"येऊ देत," मी म्हटलं. त्या दारावर आजवर माझ्या नावाचं पत्रसुद्धा आलं नव्हतं. "नाव नीट लिहा फक्त. पूर्ण लिहा." आणि मी एकेक अक्षर सुटं सुटं करून सांगायला लागले.